आरएममॉड केलं आणि कर्नल आडवा झाला: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लिनक्सचा ड्रायव्हर लिहायला सुरुवात कुठून करायची ते सांगितलं होतं, आणि आलेली पत्रं बघतो तर बहुतेकांचं गाडं सुरू करताना नाही, बंद करताना अडलंय. प्रोब (डिव्हाइस सापडल्यावर चालणारं ड्रायव्हरचं पहिलं फंक्शन) व्यवस्थित होतो, डेटा येतो, सगळे खूश, आणि मग आरएममॉड करून मॉड्यूल काढलं किंवा केबल उपटली की स्क्रीनभर ऊप्स, म्हणजे कर्नलनं (लिनक्सच्या गाभ्यानं) छापलेला बिघाडाचा अहवाल. म्हणून यावेळी फक्त साफसफाईचेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न: आमचा आयटूसी टेंपरेचर सेन्सरचा ड्रायव्हर दर सेकंदाला डिलेड वर्कमधून (कर्नल ठरलेल्या वेळानं चालवतो ते काम) रीडिंग घेतो. आरएममॉड केल्यावर लगेच काही होत नाही, पण थोड्या वेळानं कर्नल पॅनिक होतो आणि ट्रेसमध्ये (कुठलं फंक्शन कुठून बोलावलं त्याची यादी) आमच्या ड्रायव्हरचं नावच नसतं. रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर सुटताना चालणारं फंक्शन) केफ्री (मेमरी सोडणं) आहे, त्याच्याखाली कॅन्सल_डिलेड_वर्क पण आहे. मग चुकतंय कुठं? – एक वाचक, हिंजवडी

नाव दिसत नाही कारण तोवर तुमचं मॉड्यूल मेमरीत उरलेलंच नसतं. ट्रेसमध्ये 'मॉड्यूल्स लिंक्ड इन' अशी एक ओळ असते, तिच्या शेवटी कंसात 'लास्ट अनलोडेड' म्हणून नाव येतं ते वाचा, तिथं तुमचेच चिरंजीव सापडतील.

आता मूळ भानगड. पहिली चूक उघड आहे, केफ्री आधी आणि कॅन्सल नंतर, म्हणजे फ्री केलेल्या स्ट्रक्चरच्या आतलं वर्क तुम्ही कॅन्सल करताय. ते उलटं केलं तरी पूर्ण सुटणार नाही, कारण नुसतं कॅन्सल_डिलेड_वर्क हे रांगेत थांबलेलं काम काढतं पण जे काम त्या क्षणी दुसऱ्या कोअरवर चालू आहे त्याची वाट बघत नाही, सरळ परत येतं. आणि तुमचं वर्क फंक्शन शेवटी स्वतःलाच पुन्हा रांगेत टाकतं, मग तुम्ही इकडे कॅन्सल करून मेमरी सोडली आणि तिकडे त्यानं पुढच्या सेकंदाचं बुकिंग करून ठेवलं, सेकंदानं टायमर वाजतो, वर्क शोधायला जातो तर मेमरी दुसऱ्याच कुणालातरी गेलेली आणि फंक्शनचा कोडसुद्धा गायब. कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक वापरा. ते चालू काम संपेपर्यंत थांबतं आणि स्वतःला परत रांगेत टाकणाऱ्या कामालाही आवरतं.

पंगत बसलेली असताना मांडवाच्या दोऱ्या सोडायला घेत नाहीत, आधी नवीन माणसं आत घेणं थांबवतात, बसलेल्यांचं उरकू देतात, मगच मांडव उतरतो. इथं पण तोच क्रम: हार्डवेअरला सांगा की बाबा इंटरप्ट (सीपीयूला मारायची हाक) देऊ नकोस, मग आयआरक्यू (त्या इंटरप्टची लाइन) सोडा, मग वर्क कॅन्सल करा, मग मेमरी. इंटरप्ट चालू ठेवून वर्क आधी कॅन्सल केलंत तर इंटरप्ट हँडलर परत वर्क टाकणार, आणि तुम्ही पुन्हा तिथंच.

दोन गोष्टी अजून. वर्क फंक्शन जो म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) घेतं तोच म्युटेक्स धरून सिंक कॅन्सल बोलावू नका, दोघं एकमेकांची वाट बघत बसतील. आणि तुमच्या ड्रायव्हरमध्ये टायमर वर्क टाकतो आणि वर्क परत टायमर लावतं अशी साखळी असेल तर कुठलंही आधी बंद करा, दुसरं त्याला उठवतं. याचसाठी कर्नल ६.२ मध्ये टायमर_शटडाउन_सिंक आलं, ते एकदा बोलावलं की नंतर कुणी टायमर लावायचा प्रयत्न केला तरी तो गुपचूप दुर्लक्षित होतो. आधी ते, मग वर्क कॅन्सल. जुन्या ड्रायव्हरमध्ये डेल_टायमर_सिंक दिसेल, ते नाव ६.१५ पासून गेलंय, आता टायमर_डिलीट_सिंक.

प्रश्न: आम्ही सगळीकडे डेव्हएमची (घेतलेलं डिव्हाइस सुटताना आपोआप सोडणारी) फंक्शनं वापरली, म्हणजे साफसफाईची कटकटच नको. तरी अनबाइंड (ड्रायव्हर डिव्हाइसपासून वेगळा) करताना एआरएम बोर्ड कधीकधी गोठतो, ऊप्सही येत नाही. डेव्हएममध्ये बग असू शकतो का सर? – एम्बेडेड इंजिनिअर, नाशिक

डेव्हएममध्ये बग शोधायला जाऊ नका. ते २००७ पासून, २.६.२१ पासून कर्नलमध्ये आहे, कर्नल डेव्हलपर तेजुन हो यांनी लिबएटीएचं (डिस्कच्या ड्रायव्हरांची लायब्ररी) काम करताना ते आणलं आणि तेव्हापासून हजारो ड्रायव्हर त्यावर चाललेत. तुमचा कोड मी बघितला, 'सगळीकडे' डेव्हएम नाहीये. मेमरी डेव्हएमनं, आयआरक्यू डेव्हएमनं, पण मधला क्लॉक (चिपचा तो ब्लॉक ज्या ठोक्यावर चालतो तो) तुम्ही हातानं सुरू केलाय आणि रिमूव्हमध्ये हातानं बंद केलाय.

डेव्हएमनं घेतलेल्या गोष्टी सुटतात त्या रिमूव्ह संपल्यानंतर, ज्या क्रमानं घेतल्या त्याच्या उलट्या क्रमानं. म्हणजे तुमच्याकडे घडतंय असं, की रिमूव्ह आलं, क्लॉक बंद झाला, रिमूव्ह परत गेलं, आणि आयआरक्यू अजून जिवंत आहे. या फटीत एक इंटरप्ट आला की हँडलर डिव्हाइसचं रजिस्टर वाचायला जातो आणि क्लॉक नसलेल्या ब्लॉकचं रजिस्टर वाचलं की बऱ्याच एआरएम चिपवर बस तिथंच अडकते, ऊप्स छापायला सीपीयू मोकळाच होत नाही. फट अगदी छोटी, म्हणून 'कधीकधी'.

उपाय दोन. क्लॉकसाठी डेव्हएम_सीएलके_गेट_एनेबल्ड वापरा, एका ओळीत घेतो पण आणि सुरू पण करतो, आणि आयआरक्यूच्या आधी घेतलात तर सुटताना आपोआप आयआरक्यूच्या नंतर सुटेल. ज्या गोष्टीला तयार डेव्हएम फंक्शन नाही, समजा तुमच्या चिपचा स्वतःचा पॉवर बिट, त्याच्यासाठी डेव्हएम_ॲड_ॲक्शन_ऑर_रीसेट आहे, बंद करायचं फंक्शन त्याला द्यायचं, तो ते रांगेत लावतो. 'ऑर_रीसेट' विसरू नका, कारण नोंदणीच फसली तर तो तिथल्या तिथं तुमचं बंद करायचं फंक्शन चालवून एरर देतो, नुसत्या ॲड_ॲक्शनमध्ये ते तुम्हालाच करावं लागतं आणि कुणी करत नाही.

मी टीममध्ये एकच नियम लावतो: प्रोबमध्ये एकदा हातानं काही घेतलं की त्याच्या खाली डेव्हएम चालणार नाही. वर चालेल, खाली नाही. रिव्ह्यूमध्ये एवढं एकच बघितलं तरी बऱ्याच भानगडी पकडल्या जातात. आयआरक्यू शेअर्ड असेल तर कर्नल कॉन्फिगमध्ये डीबग_एसएचआयआरक्यू लावून बघा, आयआरक्यू सोडताना कर्नल मुद्दाम एकदा तुमचा हँडलर बोलावतो, मग ती कधीकधीची फट दर वेळी सापडते.

प्रश्न: प्रोब फसल्यावरचा जो गोटूचा भाग (तोवर घेतलेलं सोडणारा कोड) असतो तो प्रत्यक्षात कधी चालतो का? आमचे सीनिअर म्हणतात त्यात वेळ घालवू नकोस. – चिंचवड

रोज चालतो, तुमच्या सीनिअरना कळत नाही एवढंच. रेग्युलेटर किंवा क्लॉक देणारा ड्रायव्हर अजून आलेला नसला की तुमचा प्रोब ईप्रोब_डिफर ('नंतर बोलवा' असा एरर) देऊन परत जातो आणि थोड्या वेळानं पुन्हा बोलावला जातो, ही सोय २०१२ च्या ३.४ पासून आहे, आणि डिव्हाइस ट्रीवाल्या (हार्डवेअरचं वर्णन कर्नलला वेगळं देणाऱ्या) बोर्डवर एका बूटमध्ये असं कितीतरी वेळा होतं. प्रत्येक वेळी तुमचा एरर पाथ, म्हणजे तोच गोटूचा भाग, चालतो. त्यात लीक (घेतलेलं सोडायचं राहणं) असेल तर दर बूटला लीक. डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या आतलं दाखवणाऱ्या फाईली) डिव्हाइसेस_डिफर्ड नावाची फाईल आहे, सीनिअरना उघडून दाखवा.

मुद्दाम तपासायचं असेल तर फॉल्ट इंजेक्शनमधलं फेलस्लॅब वापरा, ते मेमरी मागणी अधूनमधून नाकारतं. शिवाय डीबग_टेस्ट_ड्रायव्हर_रिमूव्ह असं एक कॉन्फिग आहे, त्यात प्रत्येक ड्रायव्हर प्रोब झाला की लगेच रिमूव्ह करून परत प्रोब केला जातो. हे ऑफिसच्या लॅपटॉपवर लावू नका, बाकीच्यांचे ड्रायव्हर पण फसतात आणि मशीन बूटच होत नाही.

प्रश्न: डिव्हाइस_रजिस्टर (कर्नलकडे डिव्हाइसची नोंदणी) फेल झालं तर मी केफ्री करून परत जात होते. रिव्ह्यूअरनं लिहिलं की पुट_डिव्हाइस कर. रजिस्टर झालंच नाही तर पुट कशाचं करायचं? मग मी दोन्ही केलं तर अजून बोलणी खाल्ली. – बेंगळुरूहून एक वाचक

बोलणी खाल्लीत ते बरोबरच आहे, दोन्ही केलं की डबल फ्री, एकच मेमरी दोनदा सोडली. पण तुमचा पहिला प्रश्न अगदी वाजवी आहे, हा एपीआय पहिल्यांदा बघणारा प्रत्येकजण इथं ठेचकाळतो.

डिव्हाइस_रजिस्टरच्या आत दोन पावलं आहेत, डिव्हाइस_इनिशियलाइझ आणि डिव्हाइस_ॲड. पहिलं कधी फेल होत नाही, आणि ते झालं की त्या स्ट्रक्चरचा रेफरन्स काउंट (ते किती जणांनी धरलंय तो आकडा) एक होतो. इथून पुढं ती मेमरी तुमची राहिलेली नाही, काउंटची आहे. दुसरं पाऊल फसलं तरी पहिलं झालेलंच असतं ना. तुम्ही केफ्री केलंत तर डेव्ह_सेट_नेमनं नावासाठी जी वेगळी मेमरी घेतलेली असते ती लटकते, आणि त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या कुणी रेफरन्स धरलेला असेल तर तो फ्री झालेल्या मेमरीत हात घालतो. कर्नलमध्ये त्या फंक्शनच्या वरच्या कमेंटमध्ये स्पष्ट लिहिलंय की एरर आली तरी थेट फ्री करू नका, पुट_डिव्हाइसच करा.

मग केफ्री कुठं? रिलीज कॉलबॅकमध्ये, आणि फक्त तिथंच. पुट_डिव्हाइस काउंट शून्यावर आणतं, शून्य झालं की रिलीज चालतं, रिलीज केफ्री करतं. तेव्हा पुट_डिव्हाइस केल्यावर ज्या लेबलखाली केफ्री आहे तिथं गोटू करून जायचं नाही, त्याला वळसा घालायचा. अजून एक: पुट केल्यानंतर त्याच स्ट्रक्चरमधून एरर कोड किंवा नाव वाचून प्रिंट करणारे पण बघितलेत, तेही यूज आफ्टर फ्रीच, म्हणजे सोडलेली मेमरी वापरणं.

रिलीज दिलंच नाही तर कर्नल चिडून सांगतो की या डिव्हाइसला रिलीज फंक्शन नाही, हे मोडलेलं आहे, दुरुस्त करा. काही हुशार लोक मग रिकामं रिलीज देऊन वॉर्निंग गप्प करतात. कोबजेक्टच्या (डिव्हाइसच्या पोटातलं, हा काउंट सांभाळणारं स्ट्रक्चर) जुन्या डॉक्युमेंटेशनमध्ये चक्क लिहिलं होतं की असं कराल तर मेंटेनर (तो भाग सांभाळणारा) तुमची यथेच्छ टर उडवेल. पुढं ती ओळ गेली, टर अजून उडते. तपासायला डीबग_कोबजेक्ट_रिलीज लावा, ते रिलीज मुद्दाम उशिरा करतं, म्हणजे 'पुट केलं म्हणजे लगेच गेलं' असं गृहीत धरलेला कोड तोंडावर आपटतो.

प्रश्न: यूएसबी डिव्हाइस आहे. ॲप चालू असताना केबल काढली की केएएसएएन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) यूज आफ्टर फ्री दाखवतो, फाईल बंद होताना चालणाऱ्या रिलीज फंक्शनमध्ये. पण एफऑप्समध्ये (फाईलवर चालणाऱ्या फंक्शनांची यादी) ओनर धिस_मॉड्यूल दिलाय, मग फाईल उघडी असताना ड्रायव्हर जाऊच कसा शकतो? आणि डेव्हएम_केझॅलॉक (डेव्हएमनं मेमरी घेणं) घातक आहे असं कुठंतरी ऐकलं, ते खरं का? – पुणे

या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच, म्हणून जरा लांब लिहितो.

ओनर दिल्यानं काय होतं, तर फाईल उघडी असताना आरएममॉड होत नाही. म्हणजे कोड सुरक्षित राहतो. डेटाचं काय? केबल उपटायला आरएममॉड लागत नाही, सिसएफएसमधल्या अनबाइंड फाईलमध्ये नाव लिहायलाही लागत नाही. दोन्ही वेळा मॉड्यूल जागेवर असतं आणि डिस्कनेक्ट किंवा रिमूव्ह चालतं. तुमचं स्ट्रक्चर डेव्हएम_केझॅलॉकनं घेतलंय, ते डिव्हाइस सुटलं की फ्री झालं, ॲपच्या हातात मात्र फाईल डिस्क्रिप्टर अजून आहे, ते दोन मिनिटांनी क्लोज करेल तेव्हा तुमचं रिलीज फंक्शन त्या गेलेल्या स्ट्रक्चरचा म्युटेक्स घ्यायला जाणार. अनेकांना वाटतं सीडेव्ह_डेल (ॲप जी फाईल उघडतं त्या कॅरेक्टर डिव्हाइसची नोंद काढणं) केलं की झालं, पण त्यानं फक्त नवीन ओपन थांबतात, आधी उघडलेल्या फाईलींचे एफऑप्स नंतरही बोलावले जातात, आणि हे त्याच्या कमेंटमध्येच लिहिलंय.

तेव्हा इथं दोन आयुष्यं आहेत. एक हार्डवेअरचं, ते केबलबरोबर संपतं: रजिस्टर, आयआरक्यू, यूआरबी (यूएसबीवरच्या डेटाची मागणी), क्लॉक. दुसरं त्या स्ट्रक्चरचं, ते शेवटचा माणूस फाईल बंद करेपर्यंत चालतं. डेव्हएम पहिल्याशी बांधलेलं आहे, आणि तुम्ही दुसऱ्या प्रकारची गोष्ट पहिल्याच्या गळ्यात बांधलीत. 'घातक' हा शब्द कर्नल डेव्हलपर लॉरां पँशार यांच्या २०२२ च्या लिनक्स प्लंबर्स परिषदेतल्या भाषणाचा, त्यांचं म्हणणं होतं की लोक सवयीनं सगळंच डेव्हएम_केझॅलॉकनं घेतात आणि कॅरेक्टर डिव्हाइसवाले ड्रायव्हर असे फुटतात. पुढच्या वर्षी फॉसडेम परिषदेत दुसरे डेव्हलपर बार्टोश गोलाशेव्स्की यांनी उलट बाजू मांडली, की डेव्हएमला बोल लावू नका, सबसिस्टिमनं (एका प्रकारच्या ड्रायव्हरांचा कर्नलमधला सामाईक थर) यूजरस्पेसकडून, म्हणजे ॲपकडून, येणारे कॉल आणि ड्रायव्हरचा डेटा यांच्यात भिंत घातली पाहिजे. माझ्या मते दोघंही बरोबर आहेत, पण तुमच्या सबसिस्टिममध्ये ती भिंत नसेल तर ती तुम्हालाच बांधावी लागते, आणि तुमच्या ड्रायव्हरला आज तरी सबसिस्टिमच नाही, तुम्ही थेट कॅरेक्टर डिव्हाइस काढलंय.

करायचं असं. स्ट्रक्चर साध्या केझॅलॉकनं घ्या आणि त्यात केरेफ (रेफरन्स काउंट) ठेवा. ओपन झालं की गेट (काउंट वाढवा), रिलीज झालं की पुट (कमी करा), प्रोबचा एक स्वतःचा. डिस्कनेक्टमध्ये आधी नवीन ओपन बंद करा, मग म्युटेक्स घेऊन 'डिस्कनेक्टेड' फ्लॅग लावा, म्युटेक्स सोडा, यूआरबी मारा, रीडमध्ये कुणी झोपलेलं असेल त्याला उठवा, आणि मग तुमचा पुट. रीड, राइट, आयऑक्टल प्रत्येकात म्युटेक्स घेतल्यावर फ्लॅग बघायचा, लागलेला असेल तर ईनोडेव्ह ('डिव्हाइस नाही' असा एरर) देऊन घरी. उठवलेल्यानंही उठल्यावर फ्लॅग परत बघायचा, हे लोक विसरतात. कर्नलच्या सोर्समध्ये यूएसबीच्या फोल्डरमध्ये यूएसबी-स्केलेटन नावाचा नमुना ड्रायव्हर आहे, त्याचं डिस्कनेक्ट साधारण याच क्रमानं जातं, ते समोर ठेवून तुमचं ताडून बघा. तुमचा ड्रायव्हर यूएसबी सोडून दुसऱ्या बसवर असता तर सीडेव्ह_डिव्हाइस_ॲड वापरा म्हटलं असतं, त्यात सीडेव्ह स्ट्रक्ट डिव्हाइसचा रेफरन्स धरून ठेवतो आणि निम्मं काम तिथंच होतं.

केएएसएएनचा रिपोर्ट पूर्ण वाचा, त्यात तीन ट्रेस असतात: आता कुणी हात घातला, मेमरी कुणी घेतली होती, कुणी सोडली. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. आणि रोज केबल उपटत बसायची गरज नाही, डमी_एचसीडी आणि रॉ-गॅजेट वापरून खोटं यूएसबी डिव्हाइस लावता-काढता येतं, गूगलचा सिझबॉट (आपोआप बग शोधणारी यंत्रणा) पण यूएसबी ड्रायव्हरना असाच पिळतो, आणि त्यात सापडणाऱ्या बगांमध्ये डिस्कनेक्टवाले भरपूर असतात.

प्रश्न: रिमूव्हमधून एरर परत दिली तर काय होतं? जुन्या कोडमध्ये मायनस ईबिझी ('कामात आहे' असा एरर) दिसतं. – ठाणे

काही होत नाही. ड्रायव्हर कोअर ती ऐकतच नव्हता, डिव्हाइस सुटायचंच, फक्त तुम्ही ईबिझी म्हणून अर्ध्यातून परत गेलात तर पुढची साफसफाई राहून जायची. म्हणूनच आयटूसीमध्ये ६.१ पासून आणि प्लॅटफॉर्म ड्रायव्हरमध्ये ६.११ पासून रिमूव्ह व्हॉइड (काहीच परत न देणारं) केलंय. मधल्या काळात रिमूव्ह_न्यू असं तात्पुरतं नाव होतं, ते दिसलं तर गोंधळू नका.

प्रश्न: दादा, मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. स्टॅटिक टूलनं (कोड न चालवता तपासणारं) मला दाखवलं की एका ड्रायव्हरमध्ये पीएम_रनटाइम_गेट_सिंक (काउंट वाढवून डिव्हाइस जागं करणारं फंक्शन) फेल झाल्यावर पुट नाहीये. पहिला पॅच म्हणून हा पाठवू का? गोटू काढून नवीन क्लीनअपवाली पद्धत पण घालू का? – एक विद्यार्थी

पाठव की, पण आधी समजून घे. ते फंक्शन फेल झालं तरी काउंट वाढवून ठेवतं, हे कुणाच्याच डोक्यात येत नाही, म्हणून २०२० मध्ये असे पॅच ढिगानं आले आणि मग ५.१० मध्ये पीएम_रनटाइम_रिझ्युम_अँड_गेट आलं, ते फेल झालं तर काउंट परत खाली आणतं. तू तेच वापर, पुटची वेगळी ओळ घालण्यापेक्षा. एक खाच आहे: जुनं फंक्शन डिव्हाइस आधीच जागं असेल तर एक परत देतं, नवं यश आलं की शून्यच देतं, तेव्हा खालची तुलना बघूनच बदल. आणि खाली कुठं एरर लेबलवर आधीच पुट असेल तर तुझा 'फिक्स' काउंट दोनदा कमी करेल. टूलला हे दिसत नाही, तुला दिसलं पाहिजे. ओएफ_नोड_पुटच्या (डिव्हाइस ट्रीच्या नोडचा रेफरन्स सोडणारं फंक्शन) पॅचमध्ये पण हेच होतं, पॉइंटर पुढं कुठंतरी साठवून ठेवलेला असतो आणि आपण लूपमधून बाहेर पडताना पुट घालून नवीन यूज आफ्टर फ्री तयार करतो.

मेंटेनर अशा पॅचकडे संशयानं का बघतात ते पण ऐक. २०२१ च्या एप्रिलमध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांचं प्रकरण गाजलं, छोट्या दुरुस्तीच्या नावाखाली यूज आफ्टर फ्री घुसवता येतो का यावर त्यांनी पेपर लिहिला होता, आणि मग त्या विद्यापीठाकडून आलेले जुने पॅच सगळे परत तपासावे लागले. आता संशोधकांसाठी कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये वेगळं पानच आहे. म्हणून कुठल्या टूलनं सापडलं, लीक कुठल्या वाटेनं होते आणि तू काय तपासलंस ते मेसेजमध्ये लिही. बोर्ड नसेल तर फक्त कंपाईल करून बघितलंय असं सरळ लिही, त्यात कमीपणा नाही. फिक्सेस टॅगमध्ये ज्या कमिटनं बग आणला त्याचा बारा अक्षरांचा हॅश आणि त्याचं शीर्षक, गेट_मेंटेनर स्क्रिप्ट चालवून पत्ते घे, चेकपॅच चालव, आणि गिट सेंड-ईमेलनं पाठव, जीमेलच्या वेबमधून पाठवलंस तर टॅबची वाट लागते.

क्लीनअपवाली पद्धत याच पॅचमध्ये नको. ६.५ पासून ती कर्नलमध्ये आहे, कंपायलरच्या क्लीनअप ॲट्रिब्यूटवर चालते, गार्ड लावला की स्कोप संपल्यावर लॉक आपोआप सुटतो, फ्री लावलेला पॉइंटर आपोआप फ्री होतो, छान आहे. पण एकाच फंक्शनमध्ये गोटू आणि हे असं मिसळायचं नाही असं तिच्या हेडरमध्येच लिहिलंय, आणि वर नल म्हणून जाहीर करून खाली भरायचं असंही करायचं नाही, जिथं घेतोस तिथंच जाहीर कर, कारण सुटायचा क्रम जाहीर करण्याच्या क्रमावरून ठरतो. आणि फंक्शन यशस्वी झाल्यावर पॉइंटर पुढं द्यायचा असेल तर नो_फ्री_पीटीआर विसरलास तर दिलेलाच माल फ्री होऊन जातो. बग फिक्स जुन्या स्टेबल कर्नलमध्ये पण जायचा असतो, तिथं ही पद्धत असेलच असं नाही, म्हणून फिक्स छोटा ठेव, नटवायचं असेल तर तो दुसरा पॅच.

पुढच्या अंकासाठी ऊप्स पाठवताना स्क्रीनचा फोटो नको, डीमेसेजची (कर्नलच्या लॉगची) पूर्ण टेक्स्ट फाईल पाठवा, 'कट हिअर'च्या वरच्या पंधरावीस ओळींसकट, आणि कर्नलचं व्हर्जन लिहा.